किडनीचा आजार आणि चिवड्याचा डबा: खारं खायचं तर हिशेब कसा ठेवायचा

एक लिटर सलाइनच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. आपल्या शरीरातलं मीठ-पाण्याचं प्रमाणही साधारण याच बेताचं, आणि शरीर ते सहसा ढळू देत नाही. जास्तीचं ९ ग्रॅम मीठ पोटात गेलं आणि किडनीला ते बाहेर टाकता आलं नाही, तर ते प्रमाण राखण्यासाठी सुमारे लिटरभर पाणी शरीरात साठतं. पायावरची सूज, चढलेलं बीपी, उताणं झोपल्यावर लागणारी धाप, डायलिसिसच्या दिवशी काट्यावर दिसणारं वाढीव वजन, या सगळ्यामागे बऱ्याचदा हेच पाणी असतं. त्यामुळे तहान आवरायची तर आधी मीठ आवरावं लागतं. खारे दाणे समोर ठेवून वर "पाणी कमी प्या" म्हणणं हा निव्वळ छळ आहे.

घरात किडनीच्या जुनाट आजाराचं, म्हणजे सीकेडीचं, निदान झालं की फराळाच्या डब्यांचं दोनपैकी एक काहीतरी होतं. एकतर सगळे डबे माळ्यावर जातात आणि पेशंट आठवड्याभरात चोरून खायला लागतो. नाहीतर "एवढ्याशानं काय होतंय" म्हणत सगळं पूर्वीसारखं चालू राहतं. "चिवडा चालेल का?" या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. ते तुमच्या रिपोर्टवर आणि त्या दिवशी बाकी काय खाल्लं यावर ठरतं. खाली दिलेला क्रम त्यासाठी आहे. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐकायचं.

पायरी १: रिपोर्टमधले चार आकडे शोधा

पहिला आकडा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगानं गाळते याचा अंदाज. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला की त्याला सीकेडी म्हणतात. ३० ते ५९ म्हणजे तिसरा टप्पा, १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. (लघवीतून प्रथिनं जात असतील तर ईजीएफआर चांगला असूनही आजार असू शकतो.) दुसरा पोटॅशियम, बहुतेक लॅबमध्ये ३.५ ते ५ च्या आसपास नॉर्मल धरतात. तिसरा फॉस्फरस, साधारण २.५ ते ४.५. चौथा लघवीतल्या प्रथिनांचा.

मिठाचा नियम जवळपास सगळ्यांना लागू आहे. पोटॅशियम आणि फॉस्फरसचा मात्र ज्याच्या-त्याच्या रिपोर्टप्रमाणे बदलतो. शेजारच्या काकांना डॉक्टरांनी दाणे बंद केले म्हणून तुम्हीही बंद करायचे, असं नाही. उलटही नाही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं पोटॅशियम वाढवू शकतात, त्यामुळे आजार सुरुवातीच्या टप्प्यात असूनही एखाद्याला पोटॅशियमचं पथ्य लागतं.

आता एक गैरसमज, जो वर्षानुवर्षं टिकून आहे. रक्ताच्या तपासणीत "सोडियम" (मिठातलाच एक घटक) नावाची एक ओळ असते. ती नॉर्मल आली की माणूस म्हणतो, माझं मीठ ठीक आहे. कमी आली की घरचे जेवणात मीठ वाढवतात. पण रक्तातला हा आकडा तुम्ही मीठ किती खाता हे सांगतच नाही. तो मुख्यतः शरीरात पाणी किती आहे यावर हलतो. अंगावर सूज असलेल्या माणसाचं सोडियम कमी दिसतं ते बऱ्याचदा पाणी जास्त झाल्यामुळे, आणि त्याला वर चमचाभर मीठ देणं म्हणजे आगीत तेल. खाल्लेल्या मिठाचा खरा अंदाज २४ तासांची लघवी गोळा करून तपासल्यावर येतो.

याला अपवाद आहेत. काही थोड्या लोकांच्या किडनीतून मीठ वाहून जातं, त्यांनी ते कमी करायचं नसतं. जुलाब-उलट्या चालू असतानाही नेहमीचा नियम लावू नका, डॉक्टरांना फोन करा.

पायरी २: दिवसाचं मीठ वाटीत काढा

जागतिक आरोग्य संघटना आणि किडनीच्या आजारासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, दोन्हीकडे मर्यादा एकच आहे: दिवसाला २००० मि.ग्रॅ.पेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच. यात आमटी, भाजी, भाकरी, लोणचं, पाव, बिस्किट सगळं आलं.

मला सोयीची वाटणारी वाटणी अशी. स्वयंपाकाला ३ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण अर्धा चमचा. त्याचं सोडियम होतं साधारण १२०० मि.ग्रॅ. दूध, भाज्या, डाळी यांच्यात मुळातच थोडं सोडियम असतं, त्यासाठी ४०० सोडा. उरले ४००. तुमचा चिवडा, पाव, चकली, जे काही असेल ते या चारशेत बसवायचं.

सकाळी पेशंटच्या वाट्याचं मीठ छोट्या वाटीत काढून ठेवलं की दिवसभर अंदाज चुकत नाही. एकत्र कुटुंबात भाजी सगळ्यांची एक असते, तेव्हा ती अळणीकडे झुकती करावी आणि बाकीच्यांनी पानात वरून मीठ घ्यावं. पहिले काही दिवस घरात कुरकुर होईल. काही आठवड्यांत जीभ सरावते आणि मग हॉटेलची भाजीच खारट लागू लागते.

सणाच्या दिवशी चकली खायची असेल तर त्या दिवशी लोणचं, पापड, चटणी पानात नको. एवढी देवाणघेवाण जमली की अर्धं काम झालं. आणि याचा फायदा फक्त सुजेपुरता नाही. लघवीतली प्रथिनं कमी करायला जी बीपीची औषधं देतात, ती मीठ कमी असताना जास्त चांगली लागू पडतात. मीठ भरपूर असेल तर गोळी घेऊनही तिचा पुरता उपयोग होत नाही.

पायरी ३: पाकीट उलटं करून वाचा

पुढच्या बाजूला "रोस्टेड", "बेक्ड", "डाएट चिवडा", "मल्टिग्रेन" असं काहीही लिहिलेलं असो, ते तेलाबद्दल किंवा धान्याबद्दल आहे. मिठाबद्दल मागचा तक्ता बोलतो. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे पाकिटावर १०० ग्रॅममागे सोडियम किती हे छापावं लागतं, आणि एका वाढणीमागे दिवसाच्या गरजेच्या किती टक्के तेही. तिथे २००० मि.ग्रॅ. म्हणजे शंभर टक्के धरतात.

गणित सोपं आहे. समजा १०० ग्रॅमला ८०० मि.ग्रॅ. लिहिलंय आणि तुम्ही ३० ग्रॅम खाल्लं, तर २४० मि.ग्रॅ. झालं. पण ३० ग्रॅम म्हणजे किती, हे एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघाच. शेवेचे ३० ग्रॅम आणि चुरमुऱ्यांचे ३० ग्रॅम शेजारी ठेवले तर एकाच्या मानानं दुसरा ढीग वाटतो. पाकिटावरची "एक वाढणी" कंपनीने ठरवलेली असते, तुमच्या हाताने नव्हे.

१०० ग्रॅमला १२० मि.ग्रॅ.पर्यंत असेल तरच आपल्याकडे "कमी सोडियम" म्हणता येतं. फरसाणात असं पाकीट सापडणं कठीण. ६०० च्या वर असेल तर ते खारट समजून परत फळीवर ठेवावं, हा माझा नियम. सुट्या फरसाणाला तक्ताच नसतो, तेव्हा ते खारटच धरून चालायचं.

घटकांच्या यादीत मीठ वेगवेगळ्या नावांनी येतं. खायचा सोडा, पापडखार, अजिनोमोटो (६२१) ही सगळी सोडियमची रूपं. आणि फॉस्फरस वाढलेल्यांनी ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे आकडे शोधावेत. हे वरून घातलेले फॉस्फेट. डाळी-दाण्यांमधला फॉस्फरस आपल्या आतड्यात पुरता शोषला जात नाही, पण हा वरून घातलेला जवळजवळ सगळाच रक्तात जातो. प्रोसेस्ड चीज, चीजच्या चवीचे कुरकुरीत पदार्थ, गोठवलेले तयार कबाब-नगेट्स, काही झटपट नूडल्स इथे तो भेटू शकतो. काळ्या कोलामध्येही (३३८). पोटॅशियम आणि फॉस्फरस किती, हे छापण्याची सक्ती मात्र नाही, त्यामुळे तक्त्यात ते दिसले नाहीत म्हणजे पदार्थात नाहीत असं समजू नका.

पायरी ४: "याला चालतं" म्हणून आणलेल्या गोष्टी आधी तपासा

इथे जरा थांबावं लागेल, कारण सर्वांत मोठा घोटाळा प्रेमानं आणलेल्या पर्यायांमुळे होतो.

"लो सोडियम" मीठ. दुकानात हलकं, बीपीवाल्यांचं म्हणून मिळतं. त्यातलं सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाच्या बीपीला ते चांगलं असेलही, पण किडनी कमजोर असेल तर हे पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हाही किडनीचा आजार असलेल्यांना त्यातून वगळलं. पाकिटाच्या घटकांत पोटॅशियम क्लोराइड किंवा ५०८ दिसलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नाही.

सैंधव आणि पादेलोण. उपासाला चालतं म्हणून सैंधव पवित्र असेल, पण किडनीला ते मीठच. रंग गुलाबी असो की काळा, त्यात मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. चाट मसाला, जलजिरा, मसाला ताक यांतून पादेलोण नकळत पोटात जातं.

केळ्याचे आणि बटाट्याचे वेफर्स. "बिनमिठाचे करून घेतलेत" असं कौतुकानं सांगतात. मीठ गेलं, पण पोटॅशियम तिथेच आहे. तळताना पाणी उडून ते आणखी दाट होतं. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात ४०० मि.ग्रॅ.च्या आसपास असलेलं पोटॅशियम तेवढ्याच वजनाच्या वेफर्समध्ये १२०० च्या घरात जातं. पोटॅशियम वाढलेल्यांना हे नकोच. घरी बटाट्याचं काही करायचं तर फोडी लहान करून भरपूर पाण्यात उकडा, पाणी ओतून द्या आणि मग परता. नुसतं गार पाण्यात भिजवून फारसं काही होत नाही.

सुकामेवा आणि दाणे. काजू, मनुका, खोबरं, बिनमिठाचे शेंगदाणे ही "आरोग्यदायी" वाटी पोटॅशियमने भरलेली असते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांत सुमारे २०० मि.ग्रॅ. पोटॅशियम आणि शंभराहून जास्त मि.ग्रॅ. फॉस्फरस. रिपोर्ट नॉर्मल असेल तर दहा-बारा दाण्यांनी काही बिघडत नाही. वाढलेला असेल तर आहारतज्ज्ञाला विचारून.

भाजलेला पापड. तळलेल्यापेक्षा तेल वाचलं, हे खरं. मीठ आणि पापडखार मात्र विस्तवावर उडून जात नाहीत.

पायरी ५: घरचा चिवडा, मोजून

पातळ पोहे २५० ग्रॅम. मंद आचेवर कुरकुरीत भाजून घ्या. दोन-तीन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, भरपूर कढीपत्ता, हिरव्या मिरचीचे तुकडे अगदी कडक होईपर्यंत; चमचाभर तीळ, हवे तर थोडे धणे आणि बडीशेप भरडून. पोहे घालून हलवा आणि गॅस बंद करा.

मीठ आता, सगळ्यात शेवटी. अर्धा चहाचा चमचा, साधारण ३ ग्रॅम, आणि ते खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक करून. जाड मिठाचा खडा जिभेवर पुरता विरघळण्याआधीच गिळला जातो. पीठ झालेलं मीठ लगेच लागतं, म्हणून थोडक्यात भागतं. मधुमेह नसेल तर त्यातच पिठीसाखर मिसळा, तीही बेतानं. आंबटपणासाठी चिमूटभर आमचूर किंवा लिंबूफूल चालेल. आंबट-तिखट पुढे आलं की मिठाची उणीव कमी जाणवते.

हा चिवडा भरतो ३०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे २५ ग्रॅमच्या वाटीत सोडियम साधारण १०० मि.ग्रॅ. आपल्या चारशेत तो आरामात बसतो, आणि वर संध्याकाळचा एक पावही मावेल. दाणे, डाळं, खोबरं रिपोर्टप्रमाणे चमचाभर घाला किंवा गाळा. डब्यातून खाऊ नका, वाटीत काढून डबा बंद करा. चिवड्याच्या डब्यात गेलेला हात स्वतःहून थांबल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

चुरमुऱ्यांचं भडंग करायचं असेल तर आधी नुसते चुरमुरे चाखा. ते फुलवण्याआधी तांदळाला बहुधा मिठाचं पाणी लावलेलं असतं, त्यामुळे वरून मीठ न घालता फक्त लसूण, मिरपूड किंवा तिखटावर ते छान होतं. ज्वारीच्या लाह्या मात्र बिनमिठाच्या असतात, आणि हलक्याही. थोड्या तेलावर हिंग-जिरे देऊन परतल्या तर संध्याकाळचं खाणं झालं.

वाळवणं करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कुरडईचा चीक किंवा साबुदाण्याच्या पापडीचं मिश्रण ओलं असताना चवीला बरोबर लागलं, तर वाळल्यावर ते खारट होणारच. पाणी उन्हात जातं, मीठ राहतं. म्हणून चीक अळणीच ठेवायचा असं जुन्या बायका सांगत. किडनीच्या पेशंटसाठी त्याहूनही निम्मं मीठ घालून एक वेगळी रास घाला आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवा.

ढोकळा, गाठिया, खारी बुंदी यांत सोडाही असतो. चहाचा चमचाभर खायच्या सोड्यात १२०० मि.ग्रॅ.हून जास्त सोडियम असतं. ढोकळ्यात टाकायचं फसफसणारं फ्रूट सॉल्टही त्याच कुळातलं. (रक्तातली आम्लता कमी करायला डॉक्टरांनी सोडा-बायकार्बच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या हा लेख वाचून बंद करू नका. ते औषध आहे, हिशेब डॉक्टरांनी केलेला आहे.)

पायरी ६: घराबाहेर

मिसळ बिनफरसाणाची मागून काही अर्थ नाही, ती मग उसळ झाली. क्वचित खायची तर एक प्लेट दोघांत, तर्री वाटीतच ठेवायची, आणि त्या दिवसाचं बाकी जेवण जवळजवळ अळणी. वडापावात वड्यापेक्षा पाव आणि सुकी चटणी यांचा वाटा लक्षात येत नाही. चटणी सोडा, तळलेली मिरची मिठात घोळलेली असते तीही सोडा. भेळ समोर करून मिळते, त्यामुळे शेव आणि मीठ कमी घालायला सांगता येतं. चिंचेच्या चटणीत पोटॅशियम असतं, कैरी-लिंबू त्यापेक्षा बरं.

उपासाच्या दिवशी साबुदाणा स्वतः निरुपद्रवी आहे, जवळजवळ नुसता स्टार्च, पोटॅशियम-फॉस्फरस नगण्य. खिचडीला अडचणीत आणतात ते दाण्याचं कूट, बटाटा आणि वरचं सैंधव. मधुमेह असेल तर साबुदाण्याने साखर झपाट्यानं चढते, हे वेगळंच.

आणि एक फळ अजिबात नाही. शाळेबाहेरच्या गाडीवर आवळा, कैरी, बोरांच्या शेजारी तिखट-मीठ लावून कमरख मिळतं. पाच धारांचं, आडवं कापलं की चांदणी दिसते, बाजारात स्टारफ्रूट म्हणतात. त्यातलं एक विष निरोगी किडनी बाहेर टाकते. आजारी किडनीला ते जमत नाही, ते मेंदूवर चढतं. न थांबणारी उचकी, उलट्या, गोंधळ, झटके अशी लक्षणं येतात आणि किडनीच्या रुग्णांचे त्यातून मृत्यूही झालेले आहेत. एखादी फोड, थोडा रस, लोणचं, काहीच नको. चुकून खाल्लं गेलं तर उचकीची वाट न बघता रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते स्पष्ट सांगा. अशा वेळी तातडीचं डायलिसिस लागू शकतं.

गाडीवर काही खायचंच असेल तर काकडी किंवा अननसाची फोड, मिठाऐवजी मिरपूड आणि लिंबू. स्वतःची मिरपुडीची पुडी खिशात ठेवली की विक्रेत्याशी वाद होत नाही.

पायरी ७: शरीर काय म्हणतंय ते लिहून ठेवा

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन. मग पाच मिनिटं शांत बसून बीपी. दोन्ही एका वहीत, शेजारी आदल्या दिवशी काय खारं खाल्लं ते. लग्नाच्या जेवणानंतर वजन एका रात्रीत किलोभर वर गेलं तर ती चरबी नसते. डायलिसिसवर असाल तर दोन डायलिसिसच्या मध्ये किती वजन वाढलेलं चालेल हे तुमच्या केंद्रातून विचारून तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

धाप लागणं, सूज झपाट्यानं वाढणं, छातीत धडधड, पायातलं बळ गेल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही झालं तर "काल फरसाण जास्त झालं असेल" म्हणून घरी थांबू नका. वाढलेलं पोटॅशियम कधीकधी काहीच लक्षण देत नाही, म्हणून रक्ततपासणीची तारीखही चुकवू नका.

पुढच्या भेटीला जाताना घरात नेहमी येणाऱ्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्या. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञासमोर ते उघडा आणि विचारा: माझ्यासाठी दिवसाचं सोडियम किती, पोटॅशियमचं पथ्य आत्ता लागू आहे का, आणि दाणे किती. "काय खाऊ?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं.